गच्चीची चावी

त्या वर्षी टीव्हीवर एका मुख्यमंत्र्याची मालिका चालू होती. बारा गावचं पाणी प्यालेला, सख्ख्या भावालाही न सोडणारा माणूस, आणि आता त्याचे सत्तेतले शेवटचे दिवस. रोज साडेआठला बाबा समोर बसून त्याला शिव्या घालायचे. "खुर्ची सोडवत नाही यांना." आई भाजी निवडताना टीव्हीकडे नाही, बाबांकडे बघायची.

बाबा सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीचे नऊ वर्षं सेक्रेटरी होते. पाण्याचा पंप त्यांच्या ताब्यात, गच्चीची चावी त्यांच्या खिशात. बाजूच्या विंगमधले गुजराती काका एकदा मीटिंगमध्ये उलट बोलले, तर आठवडाभर त्यांच्या विंगचं पाणी दहा मिनिटं आधीच गेलं. कुणी काही मागितलं की बाबांचं उत्तर एकच, "लेखी द्या." आईने पापड वाळवायला चावी मागितली तेव्हा तिलाही तेच ऐकवलं. घरच्यांना वेगळा नियम नाही म्हणे. आईने पापड खिडकीच्या ग्रिलमध्ये वाळवले आणि गप्प बसली. आई गप्प बसली की घाबरायचं असतं हे मला ठाऊक होतं, बाबांना नव्हतं.

आमचा फ्लॅट आईच्या नावावर, बाबा नुसते सहसदस्य. कर्ज तिच्या ऑफिसातून मिळालं होतं. म्हणजे मत खरं तर तिचं, पण दरवर्षी मीटिंगला जायचे बाबा, कारण रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात. त्या रविवारी तिने गॅस बंद केला, इस्त्रीची साडी नेसली आणि खाली कंपाउंडमध्ये दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

गुजराती काका उठले. "अब नया सेक्रेटरी चाहिए. जिनको मंजूर है, हाथ ऊपर करो."

कुणी हललं नाही. सगळ्यांना उद्याचं पाणी दिसत होतं. मग आईचा हात वर गेला. सेक्रेटरीची बायकोच विरोधात म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला. मिनिट्स बाबाच लिहीत होते. स्वतःला काढल्याचा ठराव त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

सोमवारी मालिकेतला नेताही पडला. त्याचा सगळ्यात जवळचा माणूस फुटला. "बिचारा," बाबा म्हणाले.

नव्या सेक्रेटरींनी, म्हणजे त्या काकांनीच, गच्चीची चावी आईकडे ठेवायला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "चावी दे जरा. टाकीचं झाकण बघून येतो."

"लेखी द्या," आई पोळी लाटता लाटता म्हणाली.

मला हसू फुटलं. बाबांनी खरंच कागद घेतला. तारीख, विषय, खाली सही. सहीखाली सवयीने 'सेक्रेटरी' असं लिहिलं आणि मग पट्टी घेऊन तो शब्द सरळ रेघेने खोडला. मला फार वाईट वाटलं. हसल्याची लाजही वाटली.

आईने अर्ज शेवटपर्यंत वाचला. चावी त्यांच्या हातात दिली आणि त्यावर पापडांचं ताट ठेवलं.

"वर जाताय तर हे पण वाळत घाला."