मागे राहिलेले दगड

रस्त्यात ओळीने मांडलेले दगड दिसले आणि जवळ गाडी नसली, की मी त्या निघून गेलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालते. परवा तो माणूस मीच होणार होते.

घाटात आमचं चाक पंक्चर झालं. मी दगड गोळा करून गाडीमागे मांडले, घाबरून सासूबाईंना फोनही केला. यांनी गाडी जॅकवर चढवली आणि नट काढायला गेले, तर चाकच गरागरा फिरू लागलं. एक ट्रकवाले काका थांबले. हसून म्हणाले, "चाक जमिनीवर असताना आधी नट ढिले करायचे, मग जॅक." थोड्याच वेळात स्टेपनी बसली. माझा जीव भांड्यात पडला.

गाडीत बसून दार लावलं आणि आरशात पाहिलं, तर काका वाकून माझे दगड उचलत होते. मी ओशाळून धावले.

"राहू द्या काका, मी उचलते."

"आपण सुटलो, ताई. मागून येणारा पडायला नको."

अडचणीत आपण किती काय मांडून ठेवतो, आणि सुटलो की मागे वळूनही बघत नाही. शेवटचा दगड कठड्यापाशी ठेवताना एकदम आठवलं. तिथूनच सासूबाईंना फोन लावला.

"आई, निघालो आम्ही."

पलीकडे त्यांनी सोडलेला लांब श्वास ऐकू आला. मग म्हणाल्या, "बरं झालं गं. आता जेवते."