आबांचा उजेड

लाईट गेली की आधी काळोख व्हायचा आणि मग फाटकाकडून आवाज यायचा, "आलो गो, आलो!" कुणी हाक मारलेली नसायची.

मंडणगडच्या डोंगरातल्या आमच्या आरोग्य केंद्रात आबा शिपाई होते. निवृत्त झाले, पण जनरेटर त्यांनी सोडला नाही. घर रस्त्यापलीकडेच. बायको वारलेली, मुलगे मुंबईला. हँडल मारताना ते जनरेटरला चुचकारायचे, "चल गो बाय, शिष्टर वरडेल." शिष्टर म्हणजे मी. आणि मी ओरडायचेच.

जनरेटर सुरू झाला की लाईट येईपर्यंत आबा त्याच्याजवळ बसायचे. चहा मिळायचा, पेशंटचे नातेवाईक गप्पांना यायचे. आत बाळंतपण चालू असलं तर पहिला प्रश्न आबांचा, "काय झाला?" मुलगी म्हटलं की टोपी सरळ करून म्हणायचे, "माझ्या उजेडात झाली." लाईट गेली की सगळा गाव शिव्या घालायचा, आबा ती आली की घालायचे. "मेली, एवढ्यात आली?"

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याला घरी जायची कधीच घाई नसते.

मग छपरावर सोलर बसलं. मला बरंच वाटलं. टाके घालताना जनरेटर सुरू होईपर्यंत टॉर्च धरायला माणूस लागणार नव्हता. बसवायला आलेल्या इंजिनियरला आबांनी एकच विचारलं, "मग लाईट गेली ता कळनार कसा?"

"कळणारच नाही, आजोबा. तोच तर फायदा."

पुढच्या वेळी गाव काळोखात गेला, तेव्हा फाटकाशी "आलो गो" एवढंच ऐकू आलं. बाहेर जाऊन पाहिलं, तर आबा आमच्या ट्यूबलाईटकडे बघत उभे.

"या, चहा घ्या."

"नको गो. तुमचा चाललाय ना."

जनरेटर गंजू नये म्हणून दर सोमवारी तो थोडा वेळ चालवायचं काम मी त्यांना दिलं. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. पुढे वापर नाही म्हणून टेम्पो आला आणि जनरेटरही घेऊन गेला. निघण्याआधी त्याला बांधलेली दोरी आबांनी ओढून बघितली. घट्ट होती.

गेल्या वर्षी ते वारले. सकाळी त्यांची शेजारीण सांगत आली. आबा घराच्या पायरीवर बसल्या बसल्याच गेले होते. पायात चपला, मांडीवर टॉर्च.

"काल तिन्हीसांजेपासून गावात लाईट नव्हती ना," ती म्हणाली.

आम्हाला कळलंच नव्हतं.