आबांची कानटोपी

मंडळी, आम्ही कऱ्हाटीहून मनालीला आलोय आणि आज सकाळी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिला. पोरं ओरडत बाहेर पळाली. माझे सासरे, आबा, मात्र मोबाईल घेऊन खोलीतच बसले.

आमच्या विहिरीवरची मोटर फोनवरून चालू-बंद होते. आबांनी इथूनच कांद्याला पाणी सोडलं, आणि तेवढ्यात बर्फामुळं रेंज गेली. मोटर बंद करता येईना.

"कांदा सडंल आता. म्हणून नको म्हणत हुतो," आबा म्हणाले.

"मग यायचंच न्हाय!" नवरा खेकसला. मी आबांसाठी घेतलेली कानटोपी त्यांनी रागानं बाजूला सारली.

दुपारी रेंज आली, तर मोटर आधीच बंद! गावाकडं शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, तात्या बांध ओलांडून आले आणि बंद करून गेले.

तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ. त्याच बांधावरून भांडण झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

आबांनी फोनमध्ये तात्यांचा नंबर शोधला. मग लावला.

"तात्या, हितं बर्फ पडतोय."

पलीकडून आवाज आला, "मग कान बांध की."

"व्हय."

एवढंच. मोटरचं नाव दोघांनीही काढलं नाही.

फोन ठेवून आबा मला म्हणाले, "सूनबाई, ती टोपी कुठंय?"

तुमच्याकडची भांडणं कशी मिटतात हो? आमचे आबा आत्ता हीटरपाशी बसलेत, घाम पुसतायत, पण टोपी काही काढत नाहीत.