बुडाचं माप

पहाटे पाचला थोरलीचा दिवस सुरू व्हायचा. उठल्याबरोबर ती चामड्याचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी, मग शेगडी पेटवी. चामडं आतपर्यंत ओलावलं नाही तर कापायची रापी सरळ चालत नाही, आणि घाईनं भिजवलं तर कडा फुगतात. लागतो तो वेळ लागतोच. तोवर दारात उजेड येई आणि ती उंबऱ्यावर बसून कापायला घेई. आत बसून चालत नसे, कारण तिच्या खोलीला खिडकी नव्हती.

खिडकी भिंतीपलीकडे होती, धाकटीकडे.

दोघी सख्ख्या जावा. नवरे घरं रंगवायचे. एकदा कामावर शिडी मोडली. कुणी मोडली यावरून भावाभावांत जुंपली आणि रागाच्या भरात दोघांनी सासऱ्यांच्या मोठ्या खोलीत मधोमध भिंत घातली. ती धड वाळली नाही तोच भावांचं जमलं. नवी शिडी आली, दोघे पुन्हा एका कामावर जाऊ लागले. भिंत तेवढी राहिली. आणि भांडणात जावांनी एकमेकींना जे चार शब्द सुनावले होते, ते आधी कुणी मागे घ्यायचे यावर गाडी अडली ती अडलीच. थोरलीचं दार पुढच्या गल्लीत, धाकटीचं मागच्या. मध्ये अख्ख्या ओळीचा वळसा. न बोलायला सोयीचं होतं.

थोरलीचं आयुष्य जोड्यांच्या कारखान्यात तळ कापण्यात गेलं. मग कारखान्यात दाबयंत्र आलं. मालकानं शेवटच्या पगाराऐवजी एक अख्खं कातडं तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, “बाई, आता येऊ नका.” ते कातडं तिनं गुंडाळून खाटेखाली सारलं. विकायचं आणि पुढच्या भिंतीत खिडकी पाडून घ्यायची, असा बेत होता. पण हाताला काम नव्हतं. दोन महिन्यांत काही मिळालं नाही तर गोदामात चिंध्या निवडायला जाणं आलं. चिंध्या निवडायला रापी लागत नाही. तिला तेच नको होतं.

अशात दुकानवाल्या बाई आल्या. धाकटी लोकरीच्या नाडीच्या पिशव्या विणायची, दोन रंगांच्या, काळ्यावर पिवळी नक्षी. पिशवी देखणी, पण वापरली की आधी बूड जायचं. बाईंना बुडाला चामडं हवं होतं.

“तुमच्या जाऊबाईंनीच तुमचं नाव सांगितलं,” बाई म्हणाल्या.

“तिनं? माझं नाव तिला आठवतं?”

“‘पलीकडची’ म्हणाल्या.”

“हं. मग बरोबर.”

ठरलं ते असं. धाकटीनं शंभर टाक्यांची पिशवी विणायची, थोरलीनं शंभर भोकांचं गोल बूड करायचं आणि भोकाला टाका जोडून शिवायचं. माल रंगाच्या रिकाम्या डब्यातून नवरे इकडून तिकडे नेत. निरोप म्हणून कुणी काही देत नसे.

पहिली पिशवी बाईंनी परत आणली. धाकटीचा हात आवळ. वीण घट्ट, घेर लहान, बूड मोठं. वर पिशवी, खाली परात. बाईंनी दोन्ही दारांत जाऊन तेच सांगितलं. “सहा पिशव्या, तीन आठवड्यांनी येणाऱ्या शनिवारी. या वेळी नीट बसल्या पाहिजेत. नाहीतर मी यंत्रावरच्या घेते.”

बाईंनी पहिल्या पिशवीचं बूड उसवून चामडं थोरलीकडे आणि वीण धाकटीकडे ठेवली. थोरलीनं विचार केला, त्या बयेचा हात काही सैल व्हायचा नाही, आपणच नमतं घ्यावं. तिनं सहाही बुडं लहान कापली आणि शंभर भोकं जवळजवळ पाडली. बाईंनी दिलेलं चामडं त्यात संपलं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, थोरल्यानं डब्यातून सहा पिशव्या आणल्या. थोरलीनं एक शिवायला घेतली. भोकं शंभर, टाके शंभर, एकही चुकला नाही. आणि पिशवी बुडाभोवती झग्याच्या झालरीसारखी गोळा झाली. दुसरी घेतली, तीच गत. तिनं ठोकणी उचलली आणि भिंतीवर तीन घाव घातले.

पलीकडून आवाज आला, “काय हो जाऊबाई, भिंत पाडताय का?”

सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

“काय विणलंयस हे? इकडे ये.”

“तुम्हीच या. माझ्या सुयांवर टाके आहेत.”

थोरली पिशव्या-बुडांची टोपली काखोटीला मारून निघाली. ओळीला वळसा घालेस्तोवर तिनं बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. लोकर उसवता येते, भोक बुजवता येत नाही. तेव्हा उसवायचं धाकटीनं. एक घाव, दोन तुकडे.

धाकटी खिडकीखाली बसली होती. उठली नाही, पण पायानं पाट पुढे सारला.

“सुया जाड घेतल्यास?”

“घेतल्या. तुमची बुडं मोठी म्हणून.” मग ओठ चावून म्हणाली, “पिशवीची म्हणते हो.”

“कळलं. मी बुडं लहान केली. तुझा हात आवळ म्हणून.”

धाकटीनं फळीवरून पहिल्या पिशवीची जुनी घट्ट वीण काढली आणि टोपलीतल्या नव्या लहान बुडावर ठेवली. हातमोजा बसावा तशी बसली.

“म्हणजे दोघींतली एक जरी आळशी असती,” धाकटी म्हणाली, “तरी काम झालं असतं.”

थोरलीला हसू आलं ते तिनं खोकल्यात घालवलं. “उसवायला किती वेळ लागेल?”

“उसवायला घटकाभर. पुन्हा विणायला विचारा.”

“विणून दाखव.”

धाकटीनं सुया हलवल्या. काळा धागा चालला की फक्त काळे टाके विणायचे. पिवळे न विणता नुसते उचलून पलीकडच्या सुईवर घ्यायचे. फेरी पुरी झाली की तीच पुन्हा, तशीच. मग पिवळा धागा घ्यायचा आणि काळे सोडायचे. एका वेळी एकच धागा हातात, पण नक्षीची एक ओळ उठायला दोन फेऱ्या. एक टाका चुकीचा उचलला तर चूक दिसते ती चार ओळी वर गेल्यावर. थोरली बघत राहिली. तिनं मनात मोजलं. एका पिशवीला धाकटीचे तीन-साडेतीन दिवस. सहांना तीन आठवडे, ते विणण्यातच गेले होते. आणि एक बूड कापायला, भोकं पाडायला, कडा घासायला आपली अर्धी सकाळ.

भोक बुजत नाही हे खरं होतं. पण चामडं दुसरं कापता येतं.

“मोठी बुडं करते,” थोरली म्हणाली. “पहिलं आहेच. पाच राहिली.”

“चामडं कुठाय? बाईंचं संपलं ना?”

“आहे माझ्याकडे.”

“ते कारखान्याचं?” धाकटी थांबली. “ते तर तुम्ही खिडकीसाठी ठेवलंय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“भिंत एका विटेची आहे, जाऊबाई. तुम्ही भावजींना काय काय म्हणता ते सगळं ऐकू येतं.”

“सगळं?”

“घोरणंसुद्धा.”

“घोरतात ते. मी नाही.”

“बरं.”

शुक्रवारी पाचला थोरलीनं अख्खं कातडं मध्ये कापलं. अर्धं ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि उजाडल्यावर ठोकळा, ठोकणी, रापी, भोकं पाडायची आरी सगळं घेऊन वळसा घातला. खिडकीखाली बसली. उंबऱ्यावर ती सावली बघून कापायची. इथं रेघ सरळ दिसत होती. कातडं पुऱ्या पगाराचं होतं, पहिल्या बुडाचा काप घालताना तिचा हात क्षणभर थांबला. मग चालला. दुपारपर्यंत तीन बुडं झाली, दिवे लागायच्या सुमारास पाच. धाकटीनं वरच्या नाड्या ओवल्या आणि शिवायला एक बाजू धरली. बोलणं कामापुरतंच झालं. “धर.” “ओढा.” “अजून.” ते चार शब्द मागे कुणीच घेतले नाहीत.

शनिवारी बाईंनी एकेक पिशवी उभी करून पाहिली. सहाही उभ्या राहिल्या. बाईंनी पुढच्या बाराची मागणी दिली. लहान बुडं वाया गेली नाहीत. त्यांवर धाकटीनं बारीक सुयांनी पिशव्या विणल्या, त्याही खपल्या.

पैसे जमले तेव्हा थोरलीनं गवंडी बोलावला. तो पुढच्या भिंतीवर खिडकीचं माप आखायला गेला. थोरलीनं त्याला आत नेलं आणि मधली भिंत दाखवली. “इथं. रोज वळसा घालून पाय दुखतात.”

छताला चुना मारणारा थोरला शिडीवरून म्हणाला, “पाडायचीच होती तर घातली कशाला?”

“घातली तुम्ही.”

“दाराला कडी कुणाच्या बाजूनं लावू?” गवंड्यानं विचारलं.

धाकटीही वळसा घालून आली होती. जावांनी एकमेकींकडे पाहिलं. “कडी नको,” धाकटी म्हणाली.

“दारच नको,” थोरली म्हणाली. “उजेड अडतो. नुसती चौकट बसवा.”

दोघींच्या पहिल्या कमाईतून आलं ते एवढंच: साडेचार हात उंच, दोन हात रुंद भोक, चौकटीसकट. थोरलीचा ठोकळा आता तिच्याच खोलीत असतो. पलीकडच्या खिडकीचा उजेड सकाळी नऊपासून त्याच्यावर पडतो.