रंगीत तालमीतला जवान

तुम्ही मला ओळखता ते मालिकांमधली खाष्ट सासू म्हणून. सकाळी बारशाचा सीन, संध्याकाळी तेराव्याचा, मध्ये गार झालेला वडापाव... असलं आयुष्य काढलेल्या बाईला भुताची भीती काय वाटणार? आमच्या धंद्यात तर मेलेला माणूस पुढच्या आठवड्यात जुळा भाऊ होऊन परत येतो! असल्या गोष्टींना मी कायम हसत आले. पण या सदरात एकेकाचे अनुभव वाचले आणि वाटलं, मरायच्या आधी आपलंही सांगून टाकावं.

एकाहत्तरची लढाई होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी सांगलीत, विश्रामबागेत एका खोलीत राहायचे. तेव्हा सातारा-सांगलीकडच्या गावांत जत्रेला पोरं नाटक बसवायची. पुरुषांची कामं गावातलेच करायचे आणि बाई मात्र शहरातून ठरवून आणायची. ती बाई म्हणजे मी. नाटकाचं पुस्तक आधी पोस्टानं यायचं, पाठांतर घरी, आणि खेळाच्या दिवशी एसटीनं उतरून एकच रंगीत तालीम. हिरोची नि माझी पहिली गाठ थेट स्टेजवर! ओळख ना पाळख, आणि त्याच्या गळ्यात पडून रडायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

हे गाव कडेगावच्या पुढचं. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे नाटकही फौजीचंच – रजा संपून निघालेला जवान आणि त्याची बायको. माझी उतरायची सोय शालन नावाच्या बाईकडे केली होती. माझ्याच वयाची. तिचा नवरा आनंदा लढाईत बेपत्ता झालेला.

"सरकारनं मेला म्हनून कळवल्यालं न्हाई," माझी वेणी घालता घालता ती म्हणाली. "बेपत्ता म्हनलंय. मामंजी म्हनत्यात, जत्रा झाली की कुकू पुसायचं. पर जत्रंपातुर येत्याल बगा ते."

मला फार वाईट वाटलं.

हिरोला लागणारा युनिफॉर्म तिच्याच घरचा, आनंदाचा. गावाची पद्धतच ती – ड्रेसवाल्याकडे कशाला जायचं, फौजीच्या घरची ट्रंक उघडायची. किल्ली मात्र शालननं स्वतःच्या कमरेला ठेवली होती. "मीच काढून देनार. मळवायचा न्हाई. आल्यावर त्यास्नी लागंल."

तालमीला बायकांची ही गर्दी. रात्री पुढे पुरुषांच्या शिट्ट्या, म्हणून बायका दुपारची तालीमच बघून घ्यायच्या. लख्ख ऊन होतं. शालन पहिल्या ओळीत बसली होती. विंगेत शाळेचे मास्तर पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला.

माझं स्वगत संपलं आणि मागचा पडदा सारून तो आला. अंगात पूर्ण युनिफॉर्म, टोपी खाली ओढलेली, फळ्यांवर बुटांचा आवाज. मला वाटलं, चला, शालननं ड्रेस दिला एकदाचा.

"रजा संपली," तो म्हणाला. "निघायला हवं."

वाक्य बरोबर होतं. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला... स्टेजवर इतकं जवळ उभं राहिलं की समोरच्याचा श्वास कळतो, घामाचा वास येतो, तंबाखूचा येतो. याचा काहीच येत नव्हता. त्याच्या बाजूचा माझा हात भर उन्हात गार पडला.

माझं पुढचं वाक्य – "मला घेऊन चला." तोंडपाठ होतं. पण घशातून आवाज फुटेना. मास्तर विंगेतून सांगताहेत, "मला घेऊन चला... बाई, मला घेऊन चला!" मी मुकी. आणि तो माझ्याकडे बघत थांबलेला. राग नाही, घाई नाही, नुसता थांबलाय. एवढंच कळत होतं, की हे वाक्य आपण याच्यासमोर बोलायचं नाही. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नाही, ना आधी, ना नंतर.

तेवढ्यात समोरून आवाज आला. "मला घिऊन चला."

शालन उठून उभी राहिली होती. बायका खदखदून हसल्या, हिलाच काम द्या म्हणाल्या. त्यानं सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि आला तसा पडद्यामागे गेला. शालन घराकडे चालायला लागली.

मग विंगेतून शिवा आला – हिरोचं काम करणारा. बनियन आणि पायजम्यावर. "आवं मास्तर, ड्रेस कवा मिळायचा? किल्ली तर वैनीच्या कमरंलाच हाय."

"मग आत्ता बोलला त्यो कोन?" मास्तरांची मान पुस्तकात होती, पण आवाज त्यांनी ऐकला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी समोरच्या बायकांना विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "कोन आलं? तुमीच एकल्या हुब्या हुता की. आमी म्हनलं, बाई इसरली."

आम्ही धावत शालनच्या घरी गेलो. दार आतून लावलेलं. शिवानं खांदा लावून कडी तोडली. ट्रंक उघडी, आत काही नाही. शालन भिंतीला टेकून बसली होती. नवं लुगडं, कपाळभर कुंकू, शेजारी बांधलेलं गाठोडं आणि पायात चपला... घरात चपला! तालमीतून उठून तिला असा कितीसा वेळ झाला होता? अंग मात्र थंडगार पडलेलं.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. नाटक झालं नाही. तो युनिफॉर्म गावभर शोधला, मिळाला नाही. पुढे साताऱ्याच्या एका प्रोफेसरांनी मला समजावलं, ऊन, उपाशी पोट, भास. असेल. पण मग मास्तरांनी ऐकलं ते काय?

गावातले म्हणतात, आनंदा बायकोला न्यायला आला होता. मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं. पण शालन पहिल्या ओळीत, समोरच बसली होती, आणि ती बोलेपर्यंत त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तो थांबला होता माझ्या वाक्यासाठी.