स्तोत्राची पहिली ओळ

मित्रहो, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

शेजारच्या निवृत्त नर्स मार्थाबाईंसोबत बायबलातलं शुभवर्तमान वाचत होतो. वधस्तंभावर येशू विचारतो, देवा, मला का सोडलंस? मी म्हटलं, “शेवटी त्यांचाही धीर सुटला म्हणायचा.”

“काऊन गुरुजी, जन्मभर पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या ना?” त्या हसल्या. “येशू यहुदी होते. ही त्यायच्या जुन्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ऐकणाऱ्याले पुढचं सारं पाठ असे. शेवट तर भरवशाचा आहे.”

मला दादा आठवला.

माझा थोरला दादा बुलढाण्याच्या दवाखान्यात शेवटच्या दुपारी आमच्या शाळेतल्या कवितेची पहिली ओळ म्हणाला होता. मला वाटलं, तापात बरळतोय. “दादा, बोलू नको, पडून राह्य.” तो माझ्याकडे बघत राहिला.

पुढची ओळ मला येत होती. तो तिचीच वाट पाहत असेल का हो?