सगाईचा गूळ

रुक्माबाईचा राग तांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला कळायचा. ती रागावली की जवसाची चटणी वाटायला बसे, आणि वरवंटा असा आदळे की ओसरीवरच्या कोंबड्या उठून शेजारी जात. कापसाचा भाव पडला त्या वर्षांमध्ये तांड्यातल्या पुष्कळ घरांत मिठाची चणचण होती, पण नायकाच्या घरात चटणीला काही तोटा नव्हता.

फुलचंद हा तिचा नवरा, आणि नेरच्या बाजूच्या त्या तांड्याचा नायक. नायक म्हणजे भांडणं मिटवायची, वाटण्या करून द्यायच्या, आणि सगाईत पहिला गूळ खायचा. त्यांच्या तांड्याची रीतच होती तशी. मुलीची बोलणी झाली की दोन्हीकडचे पंच घोंगडीवर बसत, परातीत गूळ येई, आणि वरपक्षाचा वडीलधारा पहिला खडा नायकाच्या तोंडात घाली. नायकानं तो खाल्ला की सगाई पक्की. मग बाकीच्यांनी खायचा, बायकांकडे परात जायची, पोरं हात चाटत फिरायची. नायकानं तोंड मिटून धरलं तर सगळी बोलणी फुकट.

आणि या अशा माणसाला शुगर निघाली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साखर बंद. ऐकून फुलचंदच्या तोंडावर हसू आलं. परतीच्या एस.टी.त तो बायकोला म्हणाला, "साखर तं आपून खातच नाई. साखर दुकानातली. आपला तं गूळ हाये." रुक्माबाईलाही ते पटलं. सगळ्या तांड्यालाच पटलं असतं. तिथं साखर ही शहरातल्या लोकांची चीज आणि गूळ हा घरचा, औषधात घालायचा, बाळंतिणीला द्यायचा, देवापुढे ठेवायचा. म्हणून वर्षभर तिनं स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या चहात गूळ घातला. पुढच्या खेपेला डॉक्टर कपाळावर हात मारून ओरडले, तेव्हा तिला पहिल्यांदा राग आला. डॉक्टरांच्या ओरडण्याचा नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला यांना वर्ष लागलं, याचा.

मग मात्र ती हात धुऊन कामाला लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोट रिकामं ठेवू नका, थोडं थोडं पण पोटभरीचं खा. तिनं नवऱ्यावर पाळत ठेवली. दुपार कलली, पोटात कावळे ओरडायला लागले की याचे डोळे गुळाच्या डब्याकडे जातात, हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे पोट भरलेलं असलं की काम झालं. ज्वारीच्या पिठात ती हरभऱ्याचं पीठ मिसळून जाड भाकर करू लागली. सोबत अंबाडीची भाजी, नाहीतर लसूण घालून उडदाचं घट्ट वरण. मधल्या वेळेला मुगाचं धिरडं. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या. आणि बाहेर जायचं असेल तर घुगरी: भिजवलेले हरभरे उकडून, वरून कांदा, मिरची, लिंबू. एक वाटी खाल्ली तर संध्याकाळपर्यंत माणूस खाण्याचं नाव काढायचा नाही. घरातला गूळ तिनं सुनेच्या माहेरी पाठवून दिला आणि स्वतःही सोडला. "दोघायचं एकच ताट," ती म्हणाली. बिनगुळाचा चहा दोघंही पीत. तो तोंड वाकडं करून, ती त्याच्या तोंडाकडे बघून.

पण घरी पाळलेलं पथ्य बाहेर कोण पाळणार? ती वर्षं सगायांची होती. कापूस घरात पडून, बोंडात अळी, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. ज्याच्या घरी मुलगी होती तो म्हणे, आत्ताच उरकून टाकू. आज या घरी बोलणी, परवा त्या घरी. आणि जेवढ्या घाईनं सगाया जुळत, तेवढ्याच घाईनं मोडत. मुलाकडचे मोटारसायकल मागत, मुलीचा बाप हात जोडी, आणि चार महिन्यांनी त्याच मुलीचा गूळ दुसऱ्यांच्या परातीत. पुन्हा नायकाला बोलावणं. एका खड्यानं काय होतंय, असं सगळेच म्हणत. पण ज्या घरी खडा, त्याच घरी लापशी, त्याच घरी पाकासारखा चहा, आणि "नायकानं एवढंसं खाल्लं तं आमचा मान काय राह्यला?" हे वर.

फुलचंद कुणाला नाही म्हणायचा नाही. आपल्याला शुगर आहे, हे त्यानं तांड्यात कुणाला धडपणे सांगितलंही नव्हतं. नायक आजारी म्हटलं की लोक दुसरा नायक शोधायला लागतात, अशी त्याची भीती. पायाला काटा लागल्याचं निमित्त झालं, जखम काही भरेना, काळी पडली, आणि डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट दवाखान्यात काढावं लागलं. तांड्यात सांगितलं, विळा लागला.

तेव्हापासून रुक्माबाई त्याला सगाईला जाताना डबा द्यायची. घुगरी, भाकर, चटणी, वर कांदा. डबा बांधायचा तो तिच्या जुन्या ओढणीच्या फडक्यात, काचा जडवलेल्या, लाल दोऱ्याच्या भरतकामाच्या. बैठकीला बसायच्या आधी खा, पोट भरलेलं असलं की गुळाकडे मन जाणार नाही, असं बजावून. डबा रिकामा परत यायचा. ती खूश.

एक दिवस ती बोरीच्या झाडाखालून सरपण घेऊन येत होती. खाली हरभरे पडलेले, त्यांना मुंग्या लागलेल्या, आणि शेजारच्या दगडावर तिची भाकर कुत्रं खात बसलेलं. ती तिथंच उभी राहिली. तिला सगळं समजलं. नायक माणसानं बायकोनं बांधून दिलेला डबा चारचौघांत कसा सोडायचा? म्हणून हा बाबा वाटेत तो झाडाखाली रिकामा करत होता आणि जाऊन गूळ खात होता. पहाटे उठून ती जे पोट भरत होती, ते कुत्र्याचं होतं. नवरा भुकेला नव्हताच मुळी. त्याला भूक होती ती "नायक, तोंड उघडा" ऐकायची, आणि त्या भुकेवर तिच्याजवळ काही रांधायला नव्हतं.

त्या दिवशी चटणी इतकी बारीक वाटली गेली की फुंकरीनं उडाली असती. घरात ते गोरमाटी ही बंजाऱ्यांची बोली बोलत, पण रुक्माबाईची सगळी भांडणं बाजारात झालेली, त्यामुळे राग आला की तिच्या तोंडी वऱ्हाडीच येई.

"कुत्र्याले शुगर झाली का हो? त्याले काहून पथ्याचं चारून राह्यले तुमी?"

फुलचंद म्हणाला, "चूप बस. लोकं ऐकतीन."

"ऐकू द्या! पाय कापला तं लोकं देतीन का त्यायचा?"

तो उठून बाहेर गेला. त्या उन्हाळ्यात शेजारचं दुसरं बोट गेलं. डॉक्टरांनी या वेळी फुलचंदला नाही, तिला बाजूला घेऊन सांगितलं की आता पुढची वेळ बोटाची नसेल, गुडघ्याखालून पाय जाईल. तिनं ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. मुलगा राजकुमार खाली मान घालून बसला. फुलचंद छताकडे बघत होता.

आणि मग घरातलीच सगाई आली. राजकुमारची मुलगी ममता, आजोबांची लाडकी, बारावी झालेली. मुलगा वणीकडे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, निर्व्यसनी, आणि विशेष म्हणजे काही न मागणारा. असं स्थळ त्या वर्षांत हातातून जाऊ देणं म्हणजे वेडेपणा. मुलाचा आजा रूपसिंग स्वतः बैठकीला आला होता; मिशा पिळलेला, मोठ्या आवाजाचा, थट्टेखोर म्हातारा. सोबत त्याची नव्वदीला टेकलेली आई सुखीबाई.

त्या दिवशी सकाळी राजकुमार आईजवळ आला. "याडी, आजचा दिवस राहू दे. एक खडाच तं हाये. ममताच्या जन्माची गोष्ट हाये."

"अन् बापाच्या पायाची?" रुक्माबाई म्हणाली. तिनं घुगरी केली, भाकर केली, डबा फडक्यात बांधला आणि आपल्या मांडीखाली घेऊन बायकांत बसली.

बोलणी गोडीत झाली. परात आली. रूपसिंगनं मुठीएवढा खडा निवडला, वर धरून सगळ्यांना दाखवला आणि हसत म्हणाला, "नायक, तोंड उघडा. तुमची पोरगी नेतो, तं तुमचं तोंड भरूनच नेतो!"

माणसं हसली. फुलचंदही हसला, आणि त्यानं तोंड उघडलं.

रुक्माबाई कधी उठली, कुणाला कळलं नाही. बाईमाणसानं त्या घोंगडीवर पाय ठेवायचा नसतो. तिनं ठेवला. रूपसिंगचं मनगट तिनं धरलं. पुढे आलेला हात तिथंच राहिला.

"मांग हो," फुलचंद दातावर दात धरून म्हणाला.

"नाई होत."

"पावण्यायची बेइज्जती करून राह्यली तू!" पंचांपैकी कुणीतरी ओरडलं. रूपसिंगच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बाई," तो म्हणाला, "गूळ नाई तं सगाई नाई. आमी उठतो मंग."

बायकांच्या घोळक्यातून ममताचा हुंदका आला. रुक्माबाईनं तो ऐकला. पण मनगट तिनं सोडलं नाही. ती वाकली आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या डाव्या पायावरची पट्टी ओढून काढली. मांडी घालून धोतराखाली लपवलेला पाय तिनं सगळ्यांसमोर घोंगडीवर सरळ केला.

"पाहा," ती म्हणाली. "विळा नाई लागला यायले. गूळ लागला. हे बोट थावऱ्याच्या पोरीच्या सगाईचं. मोटारसायकलपायी मोडली ती सगाई. हे बोट गणपतच्या पोराच्या सगाईचं, तीही मोडली. पोरीले दुसरे नवरे भेटले. याची बोटं कोनी वापस आणून देल्ली का? आता या पोरीच्या सगाईले काय घेता? गुडघ्यापासून देऊ का? का पुरा माणूसच देऊ परातीत घालून?"

थावरा तिथंच बसला होता. त्यानं मान फिरवली. पंच एकमेकांकडे नाही, त्या पायाकडे बघत होते, आणि मग तेही बघेनात. फुलचंदनं दोन्ही हातांनी पाय झाकायचा प्रयत्न केला.

"मंग रीत सोडाची का आमी?" रूपसिंग म्हणाला, पण आता हळू.

"रीत कायले सोडता? घाला माह्या तोंडात," रुक्माबाई म्हणाली. "सारं आयुष्य मी नायकीण. याच्या नावानं रांधलं, याच्या नावानं उपाशी राह्यली. खड्यावर माहा हक्क नाई का?"

मग सुखीबाईचा पातळ आवाज आला. "रूपसिंग, घाल तिच्या तोंडात. तुह्या बापाचा पाय असाच सडला होता. मी तवा चूप बसली."

रूपसिंगनं आईकडे पाहिलं. मग त्यानं खडा मोडून लहान केला आणि रुक्माबाईच्या तोंडात घातला. ढोल वाजला, परात फिरली, पोरं धावली. सगाई पक्की झाली.

गुळाची चव रुक्माबाईला दोन वर्षांत पहिल्यांदा लागली. चांगला, ताजा, पिवळाधमक गूळ होता. तो इतका गोड लागला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या गोडीचाच तिला राग आला. ही मेली चव त्याच्या तोंडातून तिनं रोज काढून घेतली होती, आणि उद्याही काढून घेणार होती. त्याला इलाज नव्हता.

ती घोंगडीवरून उतरणार, तेवढ्यात मागून फुलचंदचा आवाज आला. पाय अजून तसाच उघडा, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

"डबा आणला का?"

"काहून? कुत्रं आलं का कोनतं?"

"मले भूक लागली," तो म्हणाला. एवढ्या मोठ्यानं, की सगळ्या बैठकीनं ऐकलं.

रुक्माबाईनं डबा आणला, त्याच्यासमोर आदळला आणि काचांच्या फडक्याची गाठ तिथंच, सगळ्यांदेखत, स्वतः सोडली.

"खा," ती म्हणाली. "आन् एक दाना तरी खाली सांडून पाहा."